आवाज लागलाय का?

साओ पाउलोच्या पोंपेया भागात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, त्या बाई मूळच्या बाइया प्रांतातल्या. वय सत्तरीच्या आसपास, शाळेतून निवृत्त. 21 ऑक्टोबर 2021 ला ब्राझीलचे गायक काएतानो व्हेलोझो यांचा 'मेउ कोको' हा अल्बम आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. "ऐकलंस का?" मी नाही म्हटलं. "छान. ऐकू नकोस. शनिवारी सगळे मिळून ऐकू."

अल्बम हा शब्द त्या वापरत नाहीत. त्यांच्या तोंडी 'जिस्कू', म्हणजे तबकडी. आता तबकडी क्वचितच दिसते, गाणी फोनवरच उतरतात, तरी ब्राझीलमध्ये शब्द तोच राहिला आहे. शब्दाबरोबर रीतही राहिली आहे, हे मला त्या शनिवारी कळलं.

आम्ही सहा जण होतो. बाई, त्यांची धाकटी बहीण, शेजारचं एक जोडपं, बाईंची चोविशीतली भाची आणि मी. करोनाची धास्ती अजून पुरती गेली नव्हती, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि खुर्च्या लांब लांब. टेबलावर पाँव द केइजू, म्हणजे चीजचे गरम गोळे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कंदाच्या पिठाचे. तो कंद मूळचा इथलाच.

बाईंनी नियम सांगितले. फोन टोपलीत ठेवायचे. गाण्यांचा क्रम बदलायचा नाही. पहिल्या फेरीत कुणी बोलायचं नाही, दुसऱ्या फेरीत हवं ते बोला. त्यांच्या मांडीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं घातलेलं होतं. त्यावर एक ते बारा आकडे लिहिलेले. प्रत्येक गाण्यासमोर त्या एकच खूण करणार होत्या. फुली म्हणजे आवडलं, शून्य म्हणजे नाही आणि आडवी रेघ म्हणजे 'नंतर बघू'.

पहिलं गाणं सुरू झालं, शीर्षकगीतच. 'कोको' म्हणजे नारळ आणि बोलीत डोकंही. 'मेउ कोको' म्हणजे माझं टाळकं, असं म्हटलं तरी चालेल. गाण्यात शब्दांची आणि नावांची नुसती दाटी. पण पहिल्या मिनिटात शब्दांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, हे मी समोर बघत होते. बाई पुढे झुकल्या होत्या, बहिणीनं डोळे मिटले होते, शेजाऱ्याचा हात गुडघ्यावर थांबला होता. गायकाचं वय 79. नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम 2012 चा, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेलेली. सगळे श्वास ऐकत होते. ओळ संपेपर्यंत पुरतो का? वरच्या स्वरावर तो जुना कोवळा, बायकी वाटावा असा आवाज अजून निघतो का?

हे झुकणं माझ्या ओळखीचं होतं. पुण्यात सवाई महोत्सवाच्या मंडपात एखादे वयोवृद्ध गायक षड्ज लावतात, तेव्हा भारतीय बैठकीतली जुनी मंडळी अशीच झुकतात. राग कोणता, बंदिश कोणती, ते नंतर. आधी एकच प्रश्न: आवाज लागलाय का? त्यात परीक्षा कमी आणि काळजी जास्त असते. घरातलं वडीलधारं माणूस प्रवासाहून आलं की आपण आधी त्याची चाल न्याहाळतो, तसं.

वरचा स्वर आला. बाई मागे टेकल्या. कागदावर फुली पडली.

त्यानंतर खोलीतली माणसं खऱ्या अर्थानं ऐकायला लागली. तिसरं गाणं 'आंजुस त्रोंशुस' सप्टेंबरातच आलेलं होतं. संगणक आणि अल्गोरिदमच्या जगाबद्दलचं ते गाणं सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे ते विसाव्याच्या पारासारखं वाटलं. चौथ्याच्या नावाचा अर्थ 'मी होऊ देणार नाही'. ते लागताच शेजारीणबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून चमचा आणि पातेलं घेऊन आल्या. करोनाच्या त्या दोन वर्षांत सरकारवरचा राग लोक खिडकीत भांडी बडवून दाखवत होते. त्यांनी पातेल्यावर दोनच टोले दिले. न बोलण्याचा नियम मोडला नव्हता, म्हणून बाईंनी काही म्हटलं नाही.

पाचवं, 'आउतोआकालांतु'. स्वतःच स्वतःला म्हटलेली अंगाई. काएतानोंचा नातू बेंजामिन झोपताना गुणगुणतो, त्यावरून सुचलेलं. बाईंच्या बहिणीनं डोळे पुसले आणि दंडावरचे शहारे आम्हाला दाखवले. सहावं 'एंझो गाब्रिएल'. काही वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये नवजात मुलांचं हे सर्वांत लाडकं नाव होतं. आजोबा आपल्या घरातल्या नातवाकडून देशातल्या सगळ्या नातवंडांकडे वळले, हे क्रम न बदलता ऐकल्यामुळेच लक्षात आलं.

सातवं 'जिलगाल'. गायक जिल्बेर्तो जिल आणि गायिका गाल कोस्ता या काएतानोंच्या दोन जिवलगांची नावं जोडून केलेलं. बाईंनी रेघ मारली. नंतर बघू.

नवव्या गाण्याला मात्र शिस्त मोडली. 'पार्दु' सुरू होताच भाची ओरडली, "हे मला येतं!" साओ पाउलोची गायिका सेऊ हिनं ते 2019 मध्येच आपल्या अल्बममध्ये गायलं होतं. पार्दु म्हणजे गव्हाळ, मिश्र वंशाचा. जनगणनेच्या अर्जावरचा शब्द. पुढे 2022 च्या जनगणनेत 45.3 टक्के लोकांनी स्वतःपुढे हाच शब्द लिहिला आणि हा गट देशातला सर्वांत मोठा ठरला. खोलीतल्या म्हाताऱ्या मंडळींना गाणं नवं, पोरीला जुनं. ती नकळत गुणगुणत राहिली आणि बाकीचे तिच्याकडे पाहत राहिले.

शेवटच्या गाण्याला हिशेब उलटला. 'नोइची जि क्रिस्ताल'चा पहिला स्वर आला आणि दोघी बहिणींनी एकमेकींचा हात धरला. काएतानोंची बहीण मारिया बेतानिया हिनं ते ऐंशीच्या दशकात गायलं होतं. भाचीनं ते नावानंही ऐकलेलं नव्हतं. आता गुणगुणणाऱ्या दोघी म्हाताऱ्या होत्या आणि पाहत राहिली ती पोरगी.

दुसऱ्या फेरीत वाद झाले. शेजाऱ्याला शब्द फार झाले असं वाटलं. भाचीला ध्वनिमुद्रण भावलं. रिओच्या घरातच, टाळेबंदीच्या काळात, लुकास नुनेस या काएतानोंच्या धाकट्या मुलाच्या पिढीतल्या संगीतकाराला सोबत घेऊन हे काम झालं, हे तिनंच वाचून दाखवलं. दहाव्या गाण्यात पोर्तुगालचं पारंपरिक फादो गाणारी लिस्बनची गायिका कार्मिन्यो काएतानोंबरोबर गाते. त्याचं नाव 'व्होसे-व्होसे'. हे 'व्होसे', म्हणजे तू किंवा तुम्ही, ब्राझीलमध्ये रोजचं, घरगुती. पोर्तुगालमध्ये मात्र जपून वापरावं लागतं. आमच्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहेत, चूक झाली तर तिथेही नाती अवघडतात, हे मी सांगितलं तेव्हा सगळे मनापासून हसले. अकराव्यात तेव्हाच्या लोकप्रिय गायक-गायिकांची नावं गुंफली आहेत. ऐंशीला टेकलेला माणूस तरुण पोरांची गाणी इतक्या मायेनं ऐकतो, याचं भाचीला अप्रूप वाटलं. शेजाऱ्याला तो सोस वाटला. बाईंनी त्यापुढे शून्य काढलं. रात्री अकराला आम्ही उठलो.

त्या रात्री मला वाटलं, नव्या अल्बमवर आमचं मत ठरलं.

चार दिवसांनी, 27 ऑक्टोबरला, बाइयाचे संगीतकार लेतिएरेस लेइते गेले. साल्वादोरमध्ये 'ऑर्केस्ट्रा रुंपिलेझ' उभा करणारे आणि 'पार्दु'ची वाद्यरचना करणारे. वय 61. बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं. आधी ज्या फुंकवाद्यांकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, तीच आता सगळ्यांना आधी ऐकू आली. बाईंनी नऊ नंबरापुढची फुली तशीच ठेवून शेजारी तारीख लिहिली.

5 नोव्हेंबरला मारिलिया मेंदोन्सा विमान अपघातात गेली. सव्वीस वर्षांची. सेर्तानेजु हे गावाकडच्या बाजाचं संगीत गाणारी, घराघरात पोचलेली मुलगी. अकराव्या गाण्यात तिचं नाव होतं. शेजारी, ज्यांना ते सगळं सोस वाटलं होतं, त्यांनीच ते गाणं लावायला सांगितलं. तिचं नाव आलं आणि गेलं. पहिल्या दिवशी ते यादीतलं एक नाव होतं. आता अख्खी खोली त्या नावाची वाट पाहत बसली होती. शून्याशेजारी दुसरी तारीख पडली.

आम्ही जमलो होतो ते म्हाताऱ्याच्या आवाजाची खुशाली घ्यायला. तो धडधाकट होता. गाणीही तीच होती, एक मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती. आमचं ऐकणं मात्र दोन आठवड्यांत दोनदा बदललं. पहिला अभिप्राय खोटा नसतो; पण गाणं आपल्या घरात राहायला आलेलं असतं, आणि त्याला आपल्याबरोबर अजून बरंच काही बघायचं असतं, हे मला त्या कागदानं शिकवलं.

पुढच्या वर्षी 9 नोव्हेंबरला गाल कोस्ता याच शहरात गेल्या. संध्याकाळी बाईंच्या दारातून आवाज ऐकू आला म्हणून आत गेले. त्या एकट्याच बसल्या होत्या. मांडीवर 'दोमिंगु'ची झिजलेली तबकडी होती. 1967 ची, गाल आणि काएतानो दोघांचाही पहिला अल्बम. त्याच्या पाकिटातून त्यांनी ते कॅलेंडरचं पान काढलं. सात नंबरापुढे रेघ होती, नंतर बघू म्हणून मारलेली. त्यांनी ती खोडली नाही. शेजारी तारीख लिहिली आणि मला खुर्ची दाखवली.

मी फोन टोपलीत ठेवला. बाईंनी 'मेउ कोको'च्या पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. क्रम बदलायचा नव्हता.