निर्मात्याने सोडलेले यंत्र : पॉवरपीसी आणि लिनक्स



एखादे यंत्र जुने झाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरातले शिवणयंत्र पन्नास वर्षे चालते. पट्टा आणि सुई बाजारात मिळते तोवर ते टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याचा पडदा उजळतो, कळा उमटतात, डिस्क फिरते, आणि तरीही एके दिवशी दुकानदार सांगतो की, हा आता संपला. मग संपले ते काय? लोखंड, काच तर जागच्या जागी आहेत. संपली ती यंत्र चालवणाऱ्या कार्यप्रणालीची देखभाल. ही देखभाल एकट्या कारखानदाराच्या हाती असली, तर त्याने हात काढताच यंत्र पोरके होते. ती अनेकांच्या हाती असली, तर त्याचे आयुष्य वाढू शकते. ते किती वाढते आणि कोणत्या कामापुरते वाढते, एवढेच आज पाहू. बोलणे हवेत राहू नये म्हणून २००५ सालचा आयबुक जी-४ हा ॲपलचा मांडीवरचा संगणक मी समोर ठेवतो.

प्रथम थोडा इतिहास. १९९१ साली ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी पॉवरपीसी या नावाचा प्रोसेसर घडवायचे ठरवले. १९९४ मध्ये तो मॅकिन्टॉश संगणकांत आला. पुढे १९९७ मध्ये जी-३, १९९९ मध्ये जी-४ आणि २००३ मध्ये जी-५ अशा त्याच्या पिढ्या झाल्या. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांतून आणि जाहिरातींच्या कचेऱ्यांतून अक्षरजुळणीची कामे याच यंत्रांवर होत. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलचा प्रोसेसर स्वीकारण्याचे जाहीर केले आणि २००६ च्या आत हा बदल पुराही केला. २००७ ची 'लेपर्ड' ही पॉवरपीसीवर चालणारी मॅकची शेवटची कार्यप्रणाली. २००९ च्या आवृत्तीत या यंत्रांना जागा उरली नाही. म्हणजे २००५ साली आयबुक विकत घेतलेल्या माणसाचे यंत्र चार वर्षांतच मागच्या पंगतीला बसले.

येथे लिनक्सचा संबंध येतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ज्याला गरज असेल त्याने ती आपल्या यंत्राला बेतून घ्यावी. कारखानदाराने सोडलेले यंत्र स्वयंसेवकांना सांभाळता येते ते यामुळेच. परंतु स्वयंसेवकांनाही संसार असतो, हे विसरू नये. पॉवरपीसीसाठी नावाजलेले 'यलो डॉग' हे वितरण बंद पडले. उबुंटूने २००७ मध्ये या यंत्रांना अधिकृत यादीतून काढले आणि पुढची काही वर्षे हौशी मंडळींनी ते काम चालवले. डेबियनची २०१५ ची आठवी आवृत्ती ही या यंत्रांसाठीची शेवटची अधिकृत आवृत्ती ठरली.

तर मग आज निवड कशातून करायची? माझ्या मते पहिला विचार डेबियनचाच करावा. अधिकृत यादीतून गेल्यावरही 'डेबियन पोर्ट्स' या नावाखाली स्वयंसेवक तिची चालू आवृत्ती तयार करीत असतात. तीत आज्ञावलींचा साठा मोठा आहे. मात्र ती सतत बदलती असल्याने आज चाललेले उद्या अडेल, ही तयारी ठेवावी लागते. दुसरा पर्याय जेन्टूचा. तीत प्रत्येक आज्ञावली मूळ संहितेपासून आपल्याच यंत्रावर घडवली जाते. शिकण्याला याहून चांगली शाळा नाही, पण जी-४ वर एकेका मोठ्या आज्ञावलीला तासच काय, दिवसही लागतात. तिसरी ॲडेली, ही आटोपशीर आहे, पण तिचे भांडार लहान.

निवडताना एका खाचेत पाय अडकतो, ती नीट समजून घ्यावी. आपण मराठीत 'तेवीस' म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोनाचा आकडा आधी येतो. संगणकातही मोठी संख्या साठवण्याच्या अशाच दोन रीती आहेत. जुने मॅक मोठा भाग आधी ठेवतात, तर इंटेलचे प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतात. आयबीएमच्या अलीकडच्या पॉवर यंत्रांसाठी जे लिनक्स निघते, तेही बहुधा लहान भाग आधी ठेवणारे असते. त्याच्या नावात 'पीपीसी६४ईएल' अशी अक्षरे असतात. ते जी-५ वर चालत नाही. जी-३ आणि जी-४ साठी ३२ बिटांचे 'पॉवरपीसी' आणि जी-५ साठी 'पीपीसी६४' एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता बसवण्याकडे वळू. पण त्याआधी एक काम आहे, आणि ते चुकले तर पुढचे सारे यश व्यर्थ आहे. जुन्या यंत्रात काय आहे ते पाहा. छापखान्यातला मॅक असेल तर त्यात वीस वर्षांपूर्वीची पुस्तके आणि पत्रिका जुळवलेल्या असतील. त्या काळचे मराठी टंक आजच्या युनिकोडचे नव्हेत. मूळ टंक हाती नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय जुन्या मॅकच्या फाइलींना दोन अंगे असत, आणि कित्येक टंकांचा सारा ऐवज दुसऱ्या अंगात असे. अशी फाइल साध्या पेनड्राइव्हवर उतरवताना ते अंग गळून पडू शकते, आणि हाती रिकामे टरफल येते. म्हणून मॅकच्या कार्यप्रणालीतूनच संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ती बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. सर्वांत उत्तम म्हणजे जुनी डिस्क तशीच जपून ठेवून लिनक्ससाठी दुसरी घालावी. आयबुक उघडणे किचकट असते, परंतु जाणता कारागीर ते करतो.

पुढची पायरी अशी. डेबियन पोर्ट्सची प्रतिमा ताजी घ्यावी. जुन्या प्रतिमेतील स्वाक्षरी-किल्ल्यांची मुदत संपलेली असते, आणि मग यंत्राला भांडारातील वस्तू खऱ्या वाटत नाहीत. प्रतिमा सीडीत मावत नसेल तर डीव्हीडी वापरावी. ती आत सरकवून यंत्र सुरू करताना 'सी' ची कळ दाबून धरावी. 'ऑप्शन' ची कळ दाबल्यास कोठून सुरू व्हायचे याची चित्रे समोर येतात. यंत्राला जाग आणणाऱ्या मूळ आज्ञावलीला येथे ओपन फर्मवेअर म्हणतात, आणि तिला डिस्कवर मॅकच्याच पद्धतीची विभागणी लागते. लिनक्सला सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीसाठी आरंभी एक छोटा विभाग राखावा लागतो. डिस्कची वाटणी बसवणाऱ्या आज्ञावलीवर सोपवली, तर ती हे स्वतःच करते. नवख्याने तेथे हात घालू नये.

इंटरनेट मात्र तारेनेच जोडावे. आयबुकमधील बिनतारी कार्डाला कारखानदाराची एक वेगळी फाइल लागते, आणि ती मागून मिळवावी लागते. पडद्याचे चित्र रंगवणाऱ्या रेडिऑन चिपलाही अशीच फाइल हवी असते. ती नसली तर चित्र मंदावते, क्वचित पडदा काळाच राहतो. घड्याळाची बॅटरी किंवा तिच्या जागी असलेला छोटा साठा संपला असेल तर यंत्र स्वतःला कित्येक दशके मागच्या काळात समजते, आणि इंटरनेटवरील सुरक्षित स्थळांची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. तारीख दुरुस्त केली की हे भूत उतरते. जी-५ च्या पंख्यांसाठी लिनक्समध्ये खास भाग आहे. तो चालू झाला नाही तर पंखे पूर्ण वेगाने घोंघावत राहतात.

आमच्या उदाहरणातील आयबुकमध्ये ५१२ मेगाबाइट मेमरी असते, आणि ती दीड गिगाबाइटपर्यंत वाढते. खर्च करायचाच तर प्रथम येथे करावा. कामाचा पडदाही हलका, एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई अशा जातीचा निवडावा.

एवढे केल्यावर हाती काय लागते? लेखन होते, मराठी युनिकोडमध्ये उमटते, गाणी ऐकता येतात, घरच्या फाइली सांभाळता येतात, मुलांना सी किंवा पायथॉन शिकवता येते. काय होत नाही, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आजचे मोठे ब्राउझर या प्रोसेसरसाठी घडवलेले नाहीत. डिलो, नेटसर्फ यांसारखे छोटे ब्राउझर साधी पाने दाखवतात, पण बँकेचा व्यवहार किंवा चलत्‌चित्रे त्यांच्याकडून मागू नयेत. जी-५ विजेचाही मोठा भक्त आहे. रात्रंदिवस चालवण्याला तो योग्य नव्हे. घरात एकच संगणक असेल आणि त्यावर मुलांचे अर्ज, तिकिटे, बँक सारे व्हायचे असेल, तर या वाटेला जाऊ नये, असेच मी सांगेन.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी काम ठरवावे, मग यंत्र तपासावे, आणि शेवटी वितरण निवडावे. बहुतेकांचा क्रम उलटा असतो, आणि निराशा तेथूनच येते. हे यंत्र आजही चालते, याचे श्रेय दूरदेशी बसून, मोबदल्याची अपेक्षा न करता त्याची आज्ञावली दुरुस्त करणाऱ्या मूठभर माणसांकडे जाते. त्यांची संख्या घटली तर हे आयुष्यही संपेल. त्यांच्या कामात एखादी चूक आढळली तर ती नीट लिहून कळवणे, एवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येईल. विकत घेतलेल्या वस्तूचे आपण नुसते गिऱ्हाईक नसून तिच्या देखभालीचे वाटेकरीही होऊ शकतो, हे या जुन्या यंत्राने आपल्याला शिकवले, तर त्याची किंमत पुन्हा एकदा वसूल झाली असे मी म्हणेन.