पायाखालची ऊब आणि संगणकाचा ताप

जर्मनीतल्या अनेक नव्या घरांत भिंतीलगतचा रेडिएटर दिसत नाही. फरशीखालच्या थरात पुरलेल्या नळ्यांतून कोमट पाणी फिरते आणि ऊब जमिनीतूनच वर येते. कोरियात ही कल्पना शतकानुशतके जुनी आहे. तिथल्या ओंडोल पद्धतीत चुलीचा गरम धूर खोलीच्या जमिनीखालून दगडी वाटांनी फिरवत. आजच्या सोलमधल्या फ्लॅटमध्ये त्या वाटांची जागा पाण्याच्या नळ्यांनी घेतली आहे. नोकरीनिमित्त म्युनिकला किंवा सोलला गेलेल्या मराठी कुटुंबाने सवयीप्रमाणे संगणकाचा कॅबिनेट टेबलाखाली ठेवला, की पहिल्याच हिवाळ्यात शंका येते : ही फरशी त्याला खालून भाजून काढणार नाही ना? शंका अडाणीपणाची नाही, पण तिचा रोख चुकतो. संगणकाचे नुकसान फरशीच्या उष्णतेपेक्षा अडलेल्या हवेने जास्त होते, आणि फरशीपासून बचाव म्हणून केलेले काही उपाय नेमकी हीच हवा अडवतात.

मुळात ‘तापलेली फरशी’ किती तापते? युरोपात अशा हीटिंगसाठी ईएन १२६४ हे मानक आहे. वावर असलेल्या भागात फरशीचा पृष्ठभाग २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असे ते सांगते. बाहेरच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात मात्र ३५ अंशांपर्यंत मुभा आहे, म्हणून कॅबिनेट त्या पट्ट्यात नसलेला बरा. खोली २० अंशांवर असताना २९ अंशांची फरशी दर चौरस मीटरला साधारण १०० वॅट उष्णता देते. कॅबिनेटचा तळ २० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब धरला, तर त्याच्याखालची जमीन जेमतेम ९ वॅट देऊ शकते. डेस्कटॉप नुसता चालू असला तरी स्वतः ५०-६० वॅट उष्णता बाहेर टाकतो. भारी ग्राफिक्स कार्ड लावून गेम खेळायला घेतला, तर हा आकडा ३००-४०० वॅटच्या घरात जातो. कॅबिनेटच्या जागेपुरते पाहिले, तर मोठा हीटर संगणकच आहे.

यावर लगेच आक्षेप येईल की, प्रश्न तळाचा नाही, संगणक जी हवा आत ओढतो तिचा आहे. आक्षेप बिनतोड आहे. भार आणि पंख्यांचा वेग तोच ठेवला, तर आत येणारी हवा जितके अंश गरम, साधारण तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात. पण जमिनीतून येणाऱ्या उष्णतेचा निम्म्याहून मोठा वाटा प्रारणाने थेट भिंती, सामान आणि माणसांकडे जातो. हवा त्यामानाने कमी तापते. फरशीला चिकटलेला पातळ थर सोडला, तर थोड्या उंचीवरची हवा खोलीपेक्षा फार तर दोन-तीन अंशांनी गरम असते. म्हणजे २१ अंशांच्या खोलीत संगणक २३-२४ अंशांची हवा घेतो. मे महिन्यात नागपुरात बंद खोलीतला संगणक याहून दहा-पंधरा अंश गरम हवेवर चालतो, कुरकुरतो, पण चालतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःहून वेग कमी करतात. त्या हिशेबात दोन अंश किरकोळच.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावतो : उष्णता थोडी असली तरी महिनोन्महिने चोवीस तास आहे, तिने आयुष्य घटणार नाही का? घटते. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. या नियमाने दोन अंशांची वाढ आयुष्याचा सुमारे आठवा हिस्सा खाते, तीही फक्त हिवाळ्यापुरती. मात्र आजच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालूनच हवा ओढतो. पाय बुटके असतील आणि खाली जाड गालिचा असेल, तर तो नेमका फरशीचा सर्वांत गरम थर ओढतो आणि तोही पुरेसा मिळत नाही. वाढ पाच अंशांवर गेली की आयुष्य जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. त्यातही फरशीपेक्षा गालिच्याचा आणि जाळीवर साचलेल्या धुळीचा दोष मोठा. गार फरशीवरही अशा संगणकाची घुसमट झालीच असती.

म्हणूनच कॅबिनेटखाली फोम, थर्माकोल किंवा जाड रबर अंथरण्याचा सल्ला मला पटत नाही. तळाची जाळी त्याने बंद होते. संगमरवराची लादी ठेवली तर ती थोड्या वेळात फरशीइतकीच गरम होते. शिवाय फरशीखाली पाण्याच्या नळ्यांऐवजी विजेची तार असेल, तर धोका उलट्या बाजूने सुरू होतो. नळ्यांतली उष्णता पाण्याच्या तापमानापाशी थांबते. विजेची तार मात्र वर झाकण पडले तरी तितकेच वॅट ओतत राहते, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर त्याला हे कळतही नाही. झाकलेल्या जागी उष्णता कोंडते, लाकडी फ्लोअरिंग तडकू शकते, तारेलाही इजा होते. विजेच्या फरशीवर बिनपायाचे, सपाट बसणारे सामान ठेवू नका असे उत्पादक सांगतात ते यासाठीच. चाकांचा किंवा पायांचा उघडा स्टँड घेऊन कॅबिनेट दहा-एक सेंटिमीटर उचलला की संगणकाला हवा मिळते आणि फरशीही मोकळी राहते. तळाची जाळी दर महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी. कॅबिनेटच्या रचनेत सोय असेल तर एसएमपीएस उलटा बसवून त्याला आतली हवा घेऊ देता येते, पण स्टँड असताना त्या खटाटोपाची गरज सहसा पडत नाही. तरीही मनात शंका असेल, तर एकच काम तेवढाच वेळ चालवून, एकदा जमिनीवर आणि एकदा स्टँडवर, तापमान दाखवणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्रॅममध्ये आकडे पाहावेत.

खरी काळजी लॅपटॉपची घ्यावी, आणि त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. कोरियात जमिनीवर बसून काम करण्याची, ऊब टिकावी म्हणून फरशीवर रजई पसरून ठेवण्याची रीत आहे. लॅपटॉपसाठी अॅपल भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सांगते. उघड्या फरशीवर ही मर्यादा पाळली जाते, रजईखाली नाही. तिथे वरून पांघरूण, खालून ऊब आणि मध्ये चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उष्णतेत सर्वांत लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. स्लीपवर टाकलेला लॅपटॉप मधेच जागा झाला तर पंखा रजईचीच हवा फिरवत बसतो. काम संपले की तो चार्जरवरून काढून बैठ्या टेबलावर ठेवावा. मोबाइल आणि पॉवर बँकही तिथेच.