कोळी, फुलपाखरू आणि टेलचं पाणी

जत्रेतल्या तंबूत बसून ज्यांनी सिनेमे पाहिले, त्यांना खलनायक ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. पांढरंशुभ्र धोतर, कोचदार टोपी, खर्जातला आवाज आणि भलतीकडे रेंगाळणारी नजर. निळू फुले पडद्यावर आले की बायकांच्या बाजूने बोटं कडाकडा मोडल्याचा आवाज यायचा. हाच माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, पुण्यात माळीकाम करून पोट भरलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मनापासून उभा राहणारा, बोलायला मृदू. २००९ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या सज्जनपणावर भरभरून लिहिलं गेलं. पण क्रूर पाटील आणि सज्जन निळूभाऊ एकाच चेहऱ्यात राहू शकतात, ही गोष्ट आपण 'अभिनय' म्हणून बाजूला ठेवली. तिचा पुढे विचार केला नाही.

तो विचार आता भलतीकडूनच आपल्या दारात आला आहे. बारामतीत शिकायला राहिलेली इंदापूरकडची पोरं रात्री मोबाइलवर जपानी चित्रमालिका बघतात. त्यांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. घरच्यांना वाटतं, पोरगं अजून कार्टूनच बघतंय! पण त्यातल्या चांगल्या मालिकांमध्ये खलनायक हा नायकाचा शत्रू कमी आणि आरसा जास्त असतो. दोघांची जखम एक, आणि त्या जखमेचं केलेलं औषध मात्र वेगवेगळं.

'ट्रायगन' हे त्याचं ठळक उदाहरण. यासुहिरो नाइतो यांची ही चित्रकथा १९९५ साली सुरू झाली, १९९८ साली तिची २६ भागांची मालिका झाली आणि २०२३ साली ती नव्या रूपात पुन्हा आली. गोष्ट घडते दोन सूर्यांच्या एका रखरखीत ग्रहावर. पृथ्वीवरून आलेली माणसं तिथे काचेच्या प्रचंड गोळ्यांच्या आधाराने जगतात. वीज त्यातूनच, पाणीही त्यातूनच. त्या गोळ्यांच्या आत मात्र जिवंत जीव कोंडलेले आहेत. व्हॅश आणि नाइव्ह्ज हे जुळे भाऊ त्याच जातीचे. रेम नावाच्या एका बाईने दोघांना सारख्याच मायेने वाढवलं. पुढे नाइव्ह्ज माणसांचा निःपात करायला निघतो आणि व्हॅश त्याच माणसांना वाचवत वणवण फिरतो. त्याच्या डोक्यावर ६,००० कोटींचं इनाम आहे, आणि तरी तो कुणाचा जीव घेत नाही. लाल कोटाखाली त्याचं सगळं अंग व्रणांनी भरलेलं आहे. सौम्यपणाची किंमत त्याने अंगावर मोजली आहे.

दोघांच्या लहानपणीचा एक प्रसंग आहे. कोळ्याच्या जाळ्यात फुलपाखरू अडकतं. व्हॅश ते अलगद सोडवू बघतो. नाइव्ह्ज सरळ कोळ्याला चिरडतो. त्याचा हिशेब चोख आहे: फुलपाखरू सोडलं तर कोळी उपाशी मरणार, मग एकाला निवडा आणि मोकळे व्हा. व्हॅश कळवळतो, कारण त्याला दोघंही जगायला हवे होते. लक्षात घ्या, नाइव्ह्जला दया नाही असं नाही. त्याला वाट बघायची नाही. पुढे कोंडलेल्या जातभाईंसाठी त्याला येणारा रागही खोटा नाही. खोटा असता तर त्याची एवढी भीती वाटली नसती.

हा हिशेब आपल्याकडच्या माणसाला परका वाटू नये. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खेळतं आहे. वरच्या अंगाला ऊस, आणि टेलला आवर्तनाची वाट बघणारे डोळे. पीककर्जाचं टेबल सांभाळताना मी शेवटच्या चारीवरचे दोन चुलतभाऊ पाहिले. गट शेजारचे, थकबाकी जवळजवळ सारखी, जळालेलं पीकही तेच. दोन्ही फायली एकमेकींत मिसळल्या असत्या तर वेगळ्या करता आल्या नसत्या. थोरला रात्री पाटकऱ्याला दम देऊन दार उचलायचा. धाकटा चारीवरच्या घरोघरी फिरून पाणीवाटपाच्या अर्जावर सह्या घ्यायचा आणि त्यापायी चेष्टा सोसायचा. पुढे थोरल्याचं वरच्या अंगाला बस्तान बसलं, तेव्हा ज्यांनी त्याच्यासारखेच कोरडे दिवस काढले होते, त्यांचंच पाणी त्याने अडवलं. अन्याय दोघांवर सारखाच झाला होता.

कोळी की फुलपाखरू, हा प्रश्न याच कालव्यावर एका इंजिनिअरलाही पडला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी इथे ब्लॉक पद्धत आणली. गावोगाव ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडायचे, त्यातला काही भागच उसाला द्यायचा आणि उरलेल्यात कमी पाण्याची पिकं घ्यायची, म्हणजे तेच पाणी जास्त गावांना पुरेल. ऊसवाल्यांना ते सुरुवातीला रुचलं नव्हतं. ही व्यवस्था कटकटीची, मोजमापाची, भांडणं ऐकून घेण्याची. पण दोघांनाही जगवायचं म्हटलं की काम असंच होतं.

मराठीत या आरशाजवळ सर्वांत जास्त गेला तो 'सामना'. १९७५ चा हा चित्रपट तेंडुलकरांनी लिहिला आणि शेजारच्या दौंडला डॉक्टरकी करणाऱ्या जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला. निळू फुल्यांचा हिंदुराव हा साखरपट्ट्यातला सर्वेसर्वा. श्रीराम लागूंचा मास्तर हा दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि तो पाहुणचार नाटकी नाही. कारखाना उभा राहिला, भागाचं भलं झालं. त्यात मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झाला, तर त्याचं काय एवढं? हिशेब नाइव्ह्जचाच. मास्तर त्या एका माणसाबद्दल विचारत राहतो. गावाचं भलं व्हावं हे दोघांनाही हवं होतं, म्हणून तर हिंदुरावाला त्या फाटक्या माणसाला झटकून टाकता येत नाही.

सौम्य नायकावर एक आक्षेप रास्त आहे. व्हॅशचा सोबती वुल्फवूड त्याला तेच ऐकवतो: तू मारत नाहीस, म्हणून तुझ्याऐवजी दुसरेच मरतात. मालिका यातून पळवाट काढत नाही. एकदा दोन निरपराध मुलींना वाचवताना व्हॅशच्या हातूनही माणूस मरतो आणि तो पार कोसळतो. इथे आरसा पूर्ण होतो. भावाच्या वाटेवर त्याचंही पाऊल पडलेलं असतं. तरी शेवटच्या सामन्यात तो नाइव्ह्जला हरवतो, जिवंत ठेवतो आणि जखमी भावाला खांद्यावर घेऊन त्या वाळवंटातून चालू लागतो.

आपल्या पोरांना ही गोष्ट आवडते, याची काळजी करू नये. टेलच्या गावात वाढलेल्या पोराच्या पोटात राग असणारच, आणि तो असावाही. त्या रागाला दार उचलायचा रस्ता दाखवणारे गल्लोगल्ली भेटतात. सह्या गोळा करायचा रस्ता दाखवणारा त्याला कुठे भेटतो, हे थोरल्यांनी बघायला हवं. आणि दार उचललेला कुणी हाताशी लागलाच, तर त्याला चारीवरच्या पुढच्या बैठकीला बोलवायला हवं. पाणी त्यालाही लागतंच.