कल्हई : एक विसरलेले पथ्य

तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे लोक पुन्हा वळू लागले आहेत. ‘बाळाचे दूध पितळी पातेल्यात तापवू का?’ असे माता वैद्यालाच विचारतात. ‘उत्तमच’ असे उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय ४६) चांगले तापवून पूर्ण थंड केलेले दूध ताम्रपात्रात द्यावे, असे म्हटले आहे. हे विधान पिण्यास देण्याविषयी आहे. ताम्रपात्रात दूध तापविण्यास किंवा साठविण्यास तो आधार नव्हे. तेथेच आंबट पदार्थांसाठी पाषाणपात्र सांगितले आहे. कांस्यपात्रात दहा दिवस ठेवलेले तूप सुश्रुताचार्यांनी विरुद्ध मानले. पात्राबरोबर द्रव्य आणि काळही पाहावा, हाच याचा अर्थ.

‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ या यकृद्विकाराने एकेकाळी अनेक अर्भके दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. पंडित, डॉ. भावे व ब्रिटनमधील डॉ. टॅनर प्रभृतींनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये या विकाराचा संबंध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतील दुधाशी जोडला. अशा भांड्यातील तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटते आणि बाळाच्या यकृतात साठत जाते. पुढे भांडी बदलली आणि हा रोग दुर्मिळ झाला.

आपल्या आज्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, आमटी कळकते म्हणून ठेवत नसत. ते अनुभवाचे शास्त्रच होते.

कल्हई म्हणजे तापविलेल्या भांड्यावर नवसागर टाकून आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. तिच्याबाबत पुढील गोष्टी रुग्णास सांगाव्यात :

१) कल्हई शुद्ध कथिलाचीच असावी, शिशाची भेसळ घातक आहे.
२) कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून भांडे रिकामे तापवू नये, त्यात फोडणीही करू नये.
३) आत तारेची घासणी वापरू नये. चिंच-मीठ बाहेरून लावावे.
४) आत पिवळा किंवा तांबडा धातू दिसू लागताच पुन्हा कल्हई करावी.
५) चिंच, आमसूल, दही, ताक यांसाठी स्टील, काच वा दगडी भांडे घ्यावे.
६) अर्भकाचे दूध स्टीलच्याच भांड्यात तापवावे व ठेवावे.

आहाराचा इतिहास घेताना आपण ‘काय खाता, केव्हा खाता’ हे विचारतो. ‘कशात शिजवता, कल्हई केव्हा केली’ हेही विचारले पाहिजे.