मुख्य शिडाच्या दोराचे स्थलांतर

कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा जालना, आणि या दोहोंपासून समुद्र कित्येक दिवसांच्या पायवाटेइतका दूर. तरीही ज्या नदीचे पाणी दुधनेतून पूर्णेत आणि पूर्णेतून गोदावरीत मिसळून अखेरीस बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते, तिच्या काठी राहणाऱ्या माणसाला शिडाच्या नौकेविषयी कुतूहल वाटू नये असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही तजवीज ज्यांनी मनात धरली आणि तडीस नेली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या कोरडवाहू मुलखातील गावी राहत असत. त्यांच्या प्रेरणेने गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली गेली, आणि तीच घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व वाटेत चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा २०१३ साली पूर्ण केली.

अशा प्रवासाच्या हकिगती वाचताना आपले लक्ष वादळांकडे जाते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु एकटा माणूस एवढे मोठे शीड रात्रंदिवस ताब्यात ठेवतो तो नेमका कशाच्या आधारे, हा प्रश्न मला वादळाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुख्य शिडाची खालची कड एका आडव्या दांड्याला बांधलेली असते, त्यास बूम म्हणतात. हा दांडा पुढच्या टोकाला डोलकाठीशी एका सांध्याने जोडलेला असतो आणि त्या सांध्याभोवती डावी-उजवीकडे फिरतो. त्याला आवरून धरणारा, कप्प्यांतून फिरवलेला दोर म्हणजे मेनशीट. आणि या दोराचे खालचे टोक ज्या आडव्या रुळावरून नौकेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस सरकवता येते तो रूळ म्हणजे ट्रॅव्हलर. या दोहोंची कामे परस्परांहून भिन्न आहेत. दोर ताणला की बूम खाली ओढला जाऊन शिडाची मागची कड घट्ट होते. रूळ मात्र, ती कड तशीच घट्ट ठेवून, संपूर्ण शिडाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. वाऱ्याचा झोत आला असता दोर सैल सोडल्यास शिडाचा वरचा भाग पिळवटून उघडा पडतो, तर रुळावरचे टोक थोडे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस सरकवल्यास शिडाचा आकार न बिघडता नौकेचे कलणे कमी होते.

जुन्या पद्धतीच्या अनेक नौकांत हा दोर बूमच्या अगदी मागच्या टोकास असतो आणि रूळ कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या बसण्याच्या खोलगट जागेत, आडवा पसरलेला असतो. शर्यतीच्या नौकेवर ही व्यवस्था उत्तम. पण जेथे कुटुंब बसते, जेवते, मुले पाय पसरतात, आणि उन्हाकरिता वर कापडी छत घालावयाचे असते, तेथे हा रूळ नित्य अडथळा होतो. शिवाय पाठीमागून वारा घेत वळण घेताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस झेपावते, तेव्हा त्यासोबत दोराचे फासे बसलेल्या माणसांच्या गळ्या-खांद्यांवरून जातात, हा धोका गैरसोयीहून गंभीर आहे. म्हणून दीर्घ प्रवास करणारे पुष्कळ नौकाधारक रूळ कॉकपिटमधून काढून पुढे, केबिनच्या छपरावर नेतात आणि दोर बूमच्या मध्यावर बांधतात.

हे स्थलांतर दिसते तितके निरुपद्रवी नाही. आपल्या जुन्या वाड्यांचे जड दार कडेला हात लावून ढकलले तर सहज फिरते आणि बिजागरीजवळ ढकलले तर घाम काढते. बूमचे गणित याहून निराळे नाही. बूम ५ मीटर लांब आहे आणि शिडाची ओढ त्याच्या टोकावर ३०० किलो आहे असे धरले, तर टोकाशी बांधलेल्या दोरास तेवढाच भार पेलावा लागतो. तोच दोर मध्यावर, २.५ मीटरवर आणला की भार ६०० किलो होतो. कप्प्यांची योजना चौपट असेल तर, घर्षण सोडून, हाताला पूर्वी ७५ किलो लागत होते तेथे आता १५० लागतील. तेव्हा कप्पे आठपट करावे लागतात, म्हणजे दोर पुष्कळ लांब होतो आणि घर्षण वाढते, किंवा दोर दांडीने फिरवावयाच्या विंचवर न्यावा लागतो.

भार दोरापुरताच वाढत नाही, आणि नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. एका टोकाला डोलकाठी, दुसऱ्या टोकाला शिडाची वर जाणारी ओढ आणि मध्यभागी दोराची खाली जाणारी ओढ, अशा तिहेरी ताणात बूम मध्यावर वाकू पाहतो. पूर्वी जवळजवळ निर्भार असलेल्या डोलकाठीच्या सांध्यावरही नवे वजन पडते. टोकाच्या दोरासाठी बनवलेला हलका बूम अशा वेळी अचानक वळणात मोडू शकतो. यास्तव बूमवर एकच कडी न लावता दोन-तीन कड्यांत भार विभागणे इष्ट, आणि दांडा पुरेसा मजबूत नसेल तर तो बदलण्याची तरतूद आधीच करावी.

केबिनच्या छपराची कैफियतही लक्षात घेतली पाहिजे. फायबरग्लासच्या नौकेत ते पुष्कळदा दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून केलेले असते, आणि माणसाच्या पायांचे ओझे पेलण्यास ते समर्थ असले तरी वर उपटू पाहणारी ६०० किलोंची ओढ ही गोष्ट वेगळी. रूळ शक्यतो खालच्या आडव्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर यावा, बोल्ट आरपार जावेत, आतून रुंद धातूची पट्टी द्यावी, आणि प्रत्येक भोकाभोवतीचे बाल्सा कोरून काढून तेथे इपॉक्सी भरावे. शेवटच्या बाबीत हयगय झाली तर पाणी झिरपून लाकूड कुजते, आणि ही कूज रुळाखाली झाकली गेल्यामुळे फार उशिरा कळते.

या व्यवहारात थोडी जमाही आहे. १.२ मीटर लांबीचा रूळ डोलकाठीपासून ५ मीटरवर असता बूमला मध्यरेषेपासून सुमारे ७ अंश फिरवतो. तोच रूळ २.५ मीटरवर १३ ते १४ अंश फिरवतो. उलट दोर जरा ताणला गेला तरी शिडाचा कोन दुपटीने बदलतो, म्हणून तेथे कमी ताणणारा डायनीमासारखा दोर अगत्याचा ठरतो.

रूळच काढून टाकावा, बूम खाली ओढणारा तिरपा दोर तेवढे काम करील, असा सल्ला देणारे आढळतात. पाठीमागून वारा घेताना बूम बाहेर पसरलेला असतो, तेथे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. वाऱ्याच्या तोंडावर आठवडेच्या आठवडे जावयाचे असेल, तर रूळ गमावणे मला परवडणारे वाटत नाही. माझ्या मते प्रवासी कुटुंबाने कॉकपिट मोकळे करावे, पण रूळ राखून, आणि बूम व छपराच्या बळकटीचा खर्च त्या बदलाचाच भाग समजून. काम झाल्यावर प्रथम बंदराच्या आडोशात मंद वाऱ्यात शीड दोन्ही बाजूंस वळवावे, मध्यम वाऱ्यात दोर पूर्ण ताणून बूमची रेषा मागून डोळ्याने पाहावी, केबिनमध्ये एका माणसास बसवून छपराचा आवाज ऐकवावा. आणि मगच, छपरातील बोल्ट पुन्हा एकदा आवळून, खुल्या समुद्राचा मार्ग धरावा.