पिंपातलं विरजण : सिसिलीच्या अडीच शतकांचा मागोवा

त्रापानीहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की समुद्राच्या बाजूला मिठागरं आणि जुन्या पवनचक्क्या लागतात, आणि पुढे येतं मार्साला. सिसिलीच्या वाइनचा आधुनिक इतिहास याच बंदरात सुरू झाला. 1773 मध्ये जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी इथे आला. इथली वाइन इंग्लंडपर्यंतच्या प्रवासात टिकावी म्हणून त्याने पिंपांत मद्यार्क मिसळला. 1800 मध्ये इंग्रज नौसेनानी नेल्सनने ती आपल्या आरमारासाठी मागवली. 1833 मध्ये विन्चेन्झो फ्लोरिओने इंग्रजांच्या शेजारीच आपली वखार उभी केली. 11 मे 1860 रोजी इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवकांसह इथेच उतरला. बंदरात इंग्रज युद्धनौका होत्या, गावात इंग्रजांच्या वखारी. त्यामुळे तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बाँ घराण्याचं आरमार तोफा डागायला कचरलं. इटलीच्या एकीकरणात या वाइनचाही असा वाटा आहे.

पुढे उतरती कळा लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या किडीने वेलींची मुळं खाल्ली. विसाव्या शतकात अंडं आणि तऱ्हेतऱ्हेचे स्वाद घातलेली मार्साला वाइन विकली जाऊ लागली आणि तिची जागा जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकघरात गेली. तिच्या उत्पादनाचे नियम कडक झाले ते 1984 मध्ये.

त्याआधीच मार्सालाचे वाइन उत्पादक मार्को दे बार्तोली यांनी वेगळी वाट धरली होती. वुडहाउस येण्यापूर्वी इथल्या घरांत एक पिंप कायम राखलेलं असे. त्यातून थोडी वाइन काढायची आणि तेवढीच नवी भरायची. आपण विरजण राखतो, तसंच. मद्यार्क न घालता केलेली ती जुनी वाइन त्यांनी पुन्हा बाजारात आणली.

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सिराक्यूजमध्ये हीच रीत दगडात दिसते. अथेनाच्या मंदिराचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे डोरिक खांब तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतींत उभे आहेत. देव बदलले, पण खांब कुणी पाडले नाहीत. उत्तरेला कातानियाने एटना ज्वालामुखीचा 1669 चा लाव्हा आणि 1693 चा भूकंप सोसला आणि त्याच काळ्या लाव्हाच्या दगडातून शहर पुन्हा बांधलं.

कातानियाच्या डोक्यावर एटना. उतारावर दगडी बांध आणि मांडवाशिवाय झुडपासारखे वाढवलेले नेरेल्लो मास्कालेझेचे वेल. देशावरच्या काळ्या मातीसारखी इथली मातीही लाव्हाची. तिच्या रेताड थरांत फायलॉक्सेराला थारा मिळाला नाही, म्हणून काही जुने वेल अजून कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. एटनाच्या वाइनला 1968 मध्येच अधिकृत मानांकन मिळालं, तरी बरेच मळे ओस पडत गेले. 1988 मध्ये बेनान्ती घराण्याने इथली वाइन सावरण्याच्या कामाला सुरुवात केली आणि 2000 नंतर बाहेरचे उत्पादकही आले. आता बाटलीवर कोंत्रादाचं, म्हणजे शिवाराचं, नाव छापलं जातं.

व्यापाऱ्याने या बेटाच्या वाइनला जग दाखवलं, हे ऋण खरं आहे. पण पडत्या काळात तिला सावरलं ते घरच्या पिंपाने आणि जुन्या मुळांनी. म्हणून सिसिलीला जाणाऱ्याने मार्सालापासून सुरुवात करावी आणि एटनाच्या बांधावर थांबावं. विरजण कुठे राखलं गेलं, ते या वाटेवरच कळतं.