लाकडाचा उपजत रंग : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणी जिल्ह्यात, गोदावरी आणि पूर्णा यांच्या काळ्याभोर खोऱ्यात, घनदाट अरण्य फारसे नाही. जिंतूरकडील डोंगराळ पट्टा वगळला तर येथील वृक्षसंपदा म्हणजे मुख्यत्वे बांधावरची बाभूळ, लिंब, बोर आणि चिंच. म्हणूनच चौरंगावर, देव्हाऱ्यावर किंवा एखाद्या पेटीच्या झाकणावर रंगीत लाकडाचे जडावकाम करावे, असे ज्याच्या मनात येते, तो प्रथम दूरच्या वखारीकडे धाव घेतो आणि तेथे कानी पडेल ते प्रमाण मानतो. ज्या हैदराबाद संस्थानात पूर्वी परभणी होती, त्याच संस्थानातील निर्मळची खेळणी मऊ, फिकट लाकडाची असतात आणि त्यांवर रंग कुंचल्याने चढतो, त्यामुळे तेथे लाकडाच्या मूळ वर्णाला महत्त्व उरत नाही. म्हैसूरच्या शिसवी जडावकामात मात्र निरनिराळ्या लाकडांच्या स्वाभाविक छटांवरच चित्राची सारी भिस्त असते. हा दुसरा मार्ग पत्करणाऱ्याने पुढील समजुतींची आधी खातरजमा करून घ्यावी.

गैरसमज : एका जातीच्या झाडाचे लाकूड एकाच रंगाचे असते.

वस्तुस्थिती : रंग असतो तो बहुधा गाभ्यात. बाहेरचा, रस वाहून नेणारा थर बहुतेक झाडांत फिकट असतो, आणि झाड जसे वाढते तसा आतला भाग निकामी होऊन त्यात रंगद्रव्ये, राळ व टॅनिन साचत जातात. चिंचेचा ओंडका आडवा कापून पाहिला, तर पिवळसर पांढऱ्या विस्तीर्ण वर्तुळाच्या मध्यभागी जांभळट तपकिरी गाभा वेडावाकडा, आणि पुष्कळदा अगदी लहान, आढळतो. टेंभुर्णीचा काळाभोर गाभाही असाच अनियमित असतो. शिसवीच्या नावाने विकला जाणारा मालही एकच नव्हे : अस्सल शिसवीचा गाभा जांभळट तपकिरी व काळ्या रेषांचा, तर उत्तरेकडून येणाऱ्या शिसूचा निव्वळ तपकिरी. तेव्हा झाडाचे नाव ऐकून सौदा करू नये. ओंडक्याचा आडवा छेद पाहूनच करावा.

गैरसमज : लाकूड जितके गडद तितके टिकाऊ.

वस्तुस्थिती : गाभ्यातील काही द्रव्ये बुरशी व वाळवी यांना बाधक असतात, एवढ्यापुरताच या समजुतीला आधार आहे. सोनेरी वर्णाचा साग टिकाऊपणात अनेक गडद लाकडांच्या पुढे आहे, आणि उलट, ज्या शिसवीचा गाभा वर्षानुवर्षे टिकतो, तिच्याच बाहेरच्या पांढऱ्या थराला किडा सहज लागतो. म्हणून रंगाच्या विरोधाभासासाठी पांढरा थर मुद्दाम राखावयाचा असेल, तर तो कोरडा व कीडमुक्त असल्याचे आधी पाहावे. पावसाळ्यात तोडलेल्या फिकट लाकडावर दिसणारी निळसर-करडी झाक हीही नैसर्गिक रंगछटा नव्हे, तर बुरशीची खूण होय.

गैरसमज : वरून लावलेला रंग उडतो, उपजत रंग कायमचा असतो.

वस्तुस्थिती : सर्वांत अधिक निराशा याच समजुतीने पदरी येते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण व हवेतील प्राणवायू यांच्यामुळे लाकडातील द्रव्ये बदलतात, आणि सामान्यतः फिकट लाकूड पिवळे पडते, तर भडक रंगाचे लाकूड मंदावत जाते. फणसाचा झळझळीत पिवळा गाभा कालांतराने गडद तपकिरी होतो. हळदूचा पिवळा मळकट होत जातो. ताजी कापलेली बाभूळ गुलाबीसर असते, ती तांबूस तपकिरी होते. वॉर्निश ही गती मंद करते, थांबवीत नाही. यावर सोपी परीक्षा आहे : प्रत्येक लाकडाची एक लहान पट्टी रंधून गुळगुळीत करावी, तिचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने घट्ट झाकावा आणि ती महिनाभर उन्हात ठेवावी. परभणीचे चैत्र-वैशाखातील ऊन या कामी कोणतीही कसर ठेवीत नाही. कागद काढल्यावर एकाच पट्टीवर आजचा आणि उद्याचा असे दोन्ही रंग शेजारी दिसतात, आणि नक्षीची योजना करावयाची ती उद्याच्या रंगावर.

गैरसमज : ओल्या फडक्याला रंग लागला, म्हणजे लाकूड रंगवलेले आहे.

वस्तुस्थिती : फडक्याची साक्ष अपुरी आहे. बिबळ्याचे अस्सल लाकूड ओले झाले की पिवळा डाग देते, आणि त्याच्या पेल्यात ठेवलेल्या पाण्यालाही रंग चढतो. त्याच्या सालीतून पाझरणारा लाल डिंक पाहून बिबळ्यालाच रक्तचंदन समजणारेही पुष्कळ आहेत. रक्तचंदनातील लाल द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिटमधील चपडा-पॉलिशचा बोळा त्यावरून फिरवून लगेच शेजारच्या पांढऱ्या पाकळीवर नेला, तर ती पाकळी तांबूस होते. अशा नक्षीत पॉलिशचे पहिले हात प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्रपणे द्यावेत. भेसळीची खरी परीक्षा रंध्याची : कडेवरून दोन-चार पातळ साली काढल्या की वरवरचा रंग सालीबरोबर निघून जातो आणि खरा रंग आतही तसाच दिसतो.

गैरसमज : परभणीत रंगीत लाकूड मिळतच नाही.

वस्तुस्थिती : बांधावरच्या झाडांतच एक सबंध वर्णपट आहे. बाभळीचा तांबूस तपकिरी, लिंबाचा लालसर, चिंचेच्या गाभ्याचा जांभळट आणि चिंचेच्याच बाहेरच्या थराचा पिवळसर पांढरा, एवढ्या सामग्रीवर एका चौरंगाची नक्षी उत्तम उभी राहते. बाभळीत टॅनिन असल्यामुळे ओलसर स्थितीत लोखंडी खिळा लागला की निळा-काळा डाग पडतो, म्हणून तेथे पितळी स्क्रू वापरावेत. मात्र झाड तोडण्यापूर्वी कायद्याची बाब ध्यानी घ्यावी : १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, बिबळा, हळदू, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादी वृक्ष आहेत, आणि ते स्वतःच्या शेतातले असले तरी रीतसर परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वाऱ्याने पडलेले झाड किंवा मोडलेल्या घराची तुळई हा अधिक सरळ मार्ग. जुन्या तुळईचे लाकूड पूर्ण मुरलेले असते, हा त्यात आणखी लाभ. नवे लाकूड वापरावयाचे, तर फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा मुरू द्याव्यात. कारण येथील कोरड्या झळा आणि दमट श्रावण यांत प्रत्येक जातीचे लाकूड वेगळ्या प्रमाणात आकसते व फुगते, आणि रंग कितीही जुळले तरी अशा घाईच्या नक्षीचे सांधे पहिल्याच वर्षी उकलतात.